चीनमधील फंगयांग तालुका : त्याची भूमी व त्याचे दप्तर

जमीन मोजणे, तिचा नकाशा करणे व तिच्या धन्याचे नाव वहीत मांडणे या कामात आमची सारी नोकरी गेली. मोजणी आम्ही स्वतः केली नाही. ज्यांनी केली त्यांच्या कागदांच्या नकला केल्या, बेरजा जुळविल्या आणि दप्तरे बांधली. त्यामुळे दुसऱ्या देशात हे काम कोणत्या रीतीने चालत आले, याची आम्हांस नेहमीच जिज्ञासा वाटते. चीन देशात सहाशे वर्षांपूर्वी एका बादशहाने शेत न् शेत मोजवून नकाशे करविले. तो ज्या तालुक्यात जन्मला, त्याच तालुक्यात १९५९-६० साली पिकाचे खोटे आकडे लिहिल्यामुळे हजारो माणसे अन्नावाचून मेली. आणि त्याच तालुक्यात १९७८ साली अठरा कुटुंबप्रमुखांनी एका कागदावर अंगठे उठवून जमीन आपसात वाटून घेतली. त्या तालुक्याचे नाव फंगयांग. जमीनधारक वाचकांस त्याची हकीकत उपयोगी वाटेल, असे समजून ती येथे देत आहोत.

प्रथम एक खुलासा. चिनी राज्यव्यवस्थेत 'श्येन' नावाचा जो घटक आहे, तो आपल्या तालुक्याशी पुष्कळ जुळतो. अनेक श्येन मिळून पूर्वी 'फू' होई, त्यास आम्ही जिल्हा म्हणतो. श्येन हा घटक दोन हजार वर्षांहून जुना आहे. राजघराणी बुडाली, राजधान्या बदलल्या, परंतु श्येनची कचेरी बहुधा जागच्या जागी राहिली.

फंगयांग तालुका आन्हुई प्रांताच्या ईशान्य भागात, ह्वाय नदीच्या दक्षिण तीरावर आहे. क्षेत्रफळ सुमारे १,९५० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्याकडील एखाद्या मोठ्या तालुक्याएवढे. पश्चिमेस बंगबू शहर, दक्षिणेस दिंगयुआन तालुका, पूर्वेस मिंगग्वांग आणि उत्तरेस नदीपलीकडे वूहे. जमिनीचे तीन पट्टे पडतात. दक्षिणेस डोंगर, मध्ये चढउताराचा माळ आणि उत्तरेस नदीकाठची सखल गाळवट. डोंगराकडून हाओ नावाची लहान नदी वाहत येऊन लिनह्वाय या जुन्या घाटाजवळ ह्वाय नदीस मिळते. पाऊस वर्षास सुमारे ९०० मिलिमीटर पडतो, पण त्याचा भरवसा नाही. एका वर्षी नदीकाठ बुडतो, तर दुसऱ्या वर्षी माळावरचे तळे आटते. डोंगरात काचेस लागणारी गारेची वाळू मोठ्या प्रमाणात सापडते आणि अलीकडे तिच्यावर पुष्कळ कारखाने चालतात.

ह्वाय नदी ही चीनच्या शेतीची शीव होय. तिच्या उत्तरेस गहू व कोरडवाहू पिके, दक्षिणेस भात. हिवाळ्यात पाणी गोठणारा मुलूख व न गोठणारा मुलूख यांची सीमाही साधारण याच रेषेने जाते. फंगयांग अगदी या शिवेवर असल्यामुळे तेथे भात व गहू दोन्ही होतात. भुईमूग, सोयाबीन व मोहरीच्या जातीची गळिताची पिकेही होतात. वाचणाऱ्यास वाटेल की असा मुलूख सुखी असावा. तसे झाले नाही, आणि त्याचे पहिले कारण नदी.

ह्वाय नदीस पूर्वी समुद्राकडे जाण्यास स्वतःचे स्वच्छ मुख होते. ११२८ साली शत्रूची फौज अडविण्यासाठी सुंग राज्याच्या एका सरदाराने पीत नदीचा बांध फोडला. पुढे ११९४ च्या सुमारास पीत नदीचा ओघ दक्षिणेकडे अधिकच वळला आणि १८५५ पर्यंत तिने ह्वायच्या पात्राचा खालचा भाग बळकावला. पीत नदीचा गाळ सर्वश्रुत आहे. त्या गाळाने ह्वायचे मुख बुजले, पाणी मागे तुंबले आणि खालच्या अंगास हुंगझ नावाचा विस्तीर्ण तलाव वाढला. १८५५ साली पीत नदी उत्तरेस निघून गेली, पण बुजलेले मुख मोकळे झाले नाही. तेव्हापासून ह्वायचे बहुतेक पाणी यांगत्से नदीत वळसा घेऊन जाते. ज्या शेताचा चर खालच्या शेजाऱ्याने बुजविला आहे, त्याच्या धन्यास या नदीची दशा आम्ही समजावून सांगावयास नको.

इतकेही पुरले नाही म्हणून जून १९३८ मध्ये जपानी सैन्यास रोखण्याकरिता चिनी सरकारने ह्वायुआनखौ येथे पुन्हा पीत नदीचा बांध फोडला. ते पाणी ह्वायच्या खोऱ्यात उतरले आणि ते भगदाड मार्च १९४७ मध्ये बुजेपर्यंत नऊ वर्षे येत राहिले. १९५० च्या मोठ्या पुरानंतर नव्या सरकारने ह्वाय बांधण्याचे काम हाती घेतले. वरच्या अंगास धरणे, काठाने बांध आणि पूर आल्यास मुद्दाम पाणी सोडावयाच्या सखल जागा अशी ती योजना आहे. फंगयांगच्या ईशान्येकडील ह्वायुआन सरोवराचा परिसर अशाच जागांपैकी एक होय.

आता दप्तराकडे वळू. प्राचीन काळी येथे झोंगली नावाचे छोटे राज्य होते, नंतर त्याच नावाचा तालुका झाला आणि तो हाओझौ या ठाण्याखाली मोडे. १३२८ साली येथील एका कुळाच्या घरी मुलगा जन्मला, तोच पुढे मिंग घराण्याचा संस्थापक झू युआनझांग. १३४४ साली अवर्षण, टोळधाड व साथ ही तिन्ही संकटे एकदम आली. महिन्याच्या आत त्याचा बाप, आई व थोरला भाऊ वारले. प्रेते पुरण्यास हातभर जमीन नव्हती. जमीनदाराने नाही म्हटले; अखेर त्या जमीनदाराच्याच भाऊबंदाने आपल्या शेतात जागा दिली. पोरगा पोटासाठी एका बौद्ध मठात राहिला, भिक्षा मागत हिंडला, १३५२ साली बंडवाल्यांस मिळाला आणि १३६८ साली नानजिंग येथे तख्तावर बसला. ज्या शेतात मायबाप पुरले होते, तेथे पुढे त्याने दगडी हत्यारबंद शिपाई व पशू उभे करून मोठी समाधी बांधली. तेथील शिलालेखाचा मजकूर त्याने १३७८ साली स्वतः रचला आणि आपले दारिद्र्य त्यात लपविले नाही. बादशहांच्या लेखांत ही गोष्ट विरळा.

त्याने १३६९ साली आपल्या या जन्मभूमीत 'मधली राजधानी' बांधावयास काढली. राजवाड्याचे आवार पेकिंगच्या पुढील राजवाड्याहूनही मोठे आखले होते. दूरदूरच्या जिल्ह्यांतून विटा आल्या. पुष्कळ विटांवर त्या कोठे भाजल्या व जबाबदार कोण हे ठसविलेले आढळते. १३७५ साली खर्च व मजुरांचे हाल पाहून त्यानेच काम थांबविले. फंगयांग हे नाव या उद्योगातूनच आले. 'फंग' म्हणजे फिनिक्ससारखा एक कल्पित मंगल पक्षी व 'यांग' म्हणजे डोंगराची उन्हाची, अर्थात दक्षिण बाजू. त्या पक्ष्याच्या नावाच्या टेकडीच्या दक्षिणेस नवे नगर वसले, म्हणून १३७४ साली जुन्या तालुक्यातून काही भाग तोडून फंगयांग तालुका झाला आणि जिल्ह्यासही तेच नाव मिळाले. मिंग काळात या जिल्ह्यात पाच 'झौ' म्हणजे उपविभाग व तेरा तालुके होते. वस्ती वाढावी म्हणून यांगत्सेच्या दक्षिणेकडील १,४०,००० माणसे हुकुमाने येथे आणली. तालुक्यास करमाफी दिली. परंतु बांधकामाची वेठ, समाधीची चाकरी व लष्करी ठाण्यांस लागलेली जमीन यांनी ती माफी गिळली. आणलेल्या लोकांस परत जाण्याची बंदी होती. पूर्वजांच्या थडग्यांची सेवा करावयास ते भिकाऱ्यांच्या वेषाने गावी जाऊ लागले आणि तीच चाल पडली, असे एका जुन्या चिनी ग्रंथकाराने लिहून ठेविले आहे. ते काही असो. सुगी आटोपली की सबंध कुटुंबाने लहान ढोलके घेऊन गात गात भीक मागावयास निघावे, ही फंगयांगची ओळख साऱ्या चीनमध्ये झाली. त्या गाण्यांतून आपल्या गावच्या बादशहाची स्तुती होत नसे.

हाच बादशहा दप्तराचा मोठा भोक्ता होता. १३८१ साली त्याने 'पिवळ्या वह्या' सुरू केल्या. ११० घरांचा एक गट. त्यांतील दहा सधन घरांकडे आळीपाळीने वर्षावर्षाचे पाटीलपण. उरलेली शंभर घरे दहा दहांच्या तुकड्यांत. घरात माणसे किती, जमीन किती, धंदा कोणता, हे लिहून दर दहा वर्षांनी नवी वही करावयाची. एक प्रत नानजिंगला जाई आणि तिला पिवळे वेष्टण असे, म्हणून हे नाव. आगीच्या भयाने या प्रती तेथील सरोवरातील बेटांवर ठेवीत. ज्याने उंदीर व वाळवी यांच्याशी दप्तरखान्यात झुंज दिली आहे, त्यास ही योजना ऐकून हेवा वाटेल.

पिवळ्या वहीत माणूस प्रधान, जमीन गौण. माणूस दिसे, पण त्याचे शेत नेमके कोठे हे दिसत नसे. सबब १३८७ साली सरकारी विद्यालयातील विद्यार्थी ठिकठिकाणी पाठवून शेते मोजविली व नकाशांच्या वह्या करविल्या. प्रत्येक शेताची आकृती, लांबीरुंदी, जमिनीची प्रत, धन्याचे नाव व चारी बाजूंचे लगतदार त्यात असत. एकास एक लागून काढलेल्या आकृत्या माशाच्या खवल्यांप्रमाणे दिसत, म्हणून त्यांस 'मत्स्यशल्क वह्या' हे नाव पडले. आपल्या गावचा नकाशा व चतुःसीमा ज्याने पाहिल्या आहेत, त्याला ही वही उघडताच वाचता आली असती.

पण वही चांगली म्हणजे दप्तर चांगले, असे होत नाही. ज्यांस कराची सूट असे अशा वजनदार गृहस्थांच्या नावावर आपली जमीन लावून घेण्याची युक्ती लोकांनी लवकरच काढली. दर दहा वर्षांच्या पिवळ्या वह्या पुढे पुढे मागच्या वहीवरून उतरून काढल्या जाऊ लागल्या. वसुलीसाठी तालुक्याचे कारकून निराळीच 'पांढरी वही' ठेवीत. वर जाणारी एक, कामाची दुसरी! हा रोग आम्हांस अनोळखी नाही, एवढेच येथे म्हणतो.

पुढील दोनअडीचशे वर्षांची कथा थोडक्यात आटोपते. १६३५ साली बंडखोरांनी फंगयांग घेऊन बादशाही समाधीची जाळपोळ केली. मांचू अमलात १६६७ साली आन्हुई प्रांत वेगळा झाला. १७५४ साली शेजारचा लिनह्वाय तालुका फंगयांगमध्ये विलीन झाला. अर्धवट राजधानीच्या विटा काढून गावकोटास वापरल्या. १९१२ साली राजेशाही संपली, 'फू' हा जिल्हा मोडला व तालुका तेवढा उरला. त्याच सुमारास त्यानजिन–पुखौ लोहमार्ग झाला. तो ह्वाय नदी बंगबू येथे ओलांडतो. त्यामुळे बंगबू हे साधे गाव पाहता पाहता मोठी बाजारपेठ झाले, १९४७ साली स्वतंत्र नगर ठरले आणि लिनह्वायच्या जुन्या घाटाचा व्यापार ओसरला. १९४९ च्या आरंभी कम्युनिस्ट सैन्याने तालुका घेतला. हल्ली तो छूझौ या मोठ्या नगरविभागाखाली मोडतो. ही व्यवस्था १९९२ पासूनची आहे.

नव्या राज्यात प्रथम जमीनदारांची जमीन कुळांस वाटली, पण लवकरच ती सहकारी गटांत व १९५८ साली 'जनकम्यून'मध्ये गोळा केली. बांध पुसले गेले. घरोघरच्या चुली बंद करून सार्वजनिक भोजनगृहे काढली. धान्याची सरकारी खरेदी १९५३ पासूनच सक्तीची होती, आणि गावाने किती द्यावे हे पिकाच्या नोंदलेल्या आकड्यावर अवलंबून असे.

येथे आम्हांस थोडे थांबावेसे वाटते. आम्ही कारकून असता आणेवारीची पत्रके पुष्कळ वेळा तयार केली. आमच्याकडे ओढ असते ती आकडा कमी दिसावा याची, कारण कमी दिसल्यास सूट मिळते. एका गावी तर उभे पीक कमरेइतके असता "रावसाहेब, अर्ध्याच्या आत लिहा" असा आग्रह झाला होता. त्या लबाडीने सरकारी तिजोरीस तोटा होतो. माणूस मरत नाही. फंगयांगला ओढ उलट दिशेची होती. वरच्यास मोठा आकडा हवा होता. कमी सांगणाऱ्यास भित्रा, प्रतिगामी ठरवून सभेत उभे करीत, मारीतही. तेव्हा गावाने वाढवून सांगितले, कम्यूनने त्यावर चढविले, तालुक्याने त्याहून. १९५९ साली कागदावरचे पीक खऱ्या पिकाच्या दुपटीहूनही पुष्कळ अधिक होते. सरकारी वाटा कागदावरून काढला व खळ्यावरून उचलला. बी गेले, मग पोटाचे गेले. भोजनगृहांत शिजवावयास काही उरले नाही, आणि घरी तर भांडेही नव्हते. धान्य दडविले असेल म्हणून झडत्या झाल्या. तालुक्याच्याच १९६१ सालच्या चौकशीत साठ हजारांवर मृत्यू धरले गेले. तालुक्याची वस्ती तेव्हा चार लाखांच्या आत होती. कित्येक वाड्या निर्मनुष्य झाल्या.

१९६१ साली आन्हुई प्रांताचे प्रमुख झंग शीशंग यांनी 'जबाबदारीची शेते' म्हणून कुटुंबागणिक जमीन नेमून देण्याचा प्रयोग केला. हेच गृहस्थ आधीच्या मोठाल्या आकड्यांचे पुरस्कर्ते होते, हेही लिहिले पाहिजे. पीक सुधारले, पण १९६२ साली प्रयोग मोडला आणि त्यांचे पद गेले. शेतकऱ्यांनी मात्र ते वर्ष लक्षात ठेविले.

१९७८ साली आन्हुईत भयंकर अवर्षण पडले. फंगयांगच्या लियुआन कम्यूनमध्ये श्याओगांग ही वीस घरांची वाडी होती. माणसे ११५, जमीन ५१७ मू, बैल दहा. एक मू म्हणजे साडेसहा गुंठ्यांहून थोडी अधिक जमीन. तेव्हा सर्व मिळून सुमारे ८५ एकर, माणशी तीस गुंठ्यांच्या आसपास. जमीन अगदीच कमी नव्हती, तरी वाडी दरसाल भीक मागावयास बाहेर पडे. घंटा झाली की कामावर जावे, हजेरीचे गुण लागावेत आणि पीक कोणाचेच नसावे, अशी शेती चाले. त्या हिवाळ्यात अठरा घरांचे कर्ते एका रात्री एका घरी जमले. उरलेल्या दोन घरांचे कर्ते भीक मागण्यास परगावी होते. वाडीचे प्रमुख येन जुनछांग व उपप्रमुख येन होंगछांग यांच्या पुढाकाराने कागद लिहिला गेला. मजकुराचे तात्पर्य असे : जमीन घराघरांस वाटावी, प्रत्येकाने सरकारचा ठरलेला वाटा भरावा व सरकारकडे पैसा वा धान्य मागू नये, यापायी पुढाऱ्यांस तुरुंगात जावे लागले किंवा शिरच्छेद झाला तरी तक्रार नाही, आणि त्यांची मुले अठरा वर्षांची होईपर्यंत इतरांनी पोसावी. खाली शिक्के व अंगठे उठविले. जमीन डोईप्रमाणे वाटली. बैलांची किंमत ठरवून दोन घरांत एक दिला.

हा कागद पेकिंगच्या राष्ट्रीय संग्रहालयात ठेविलेला आहे. बहुधा २४ नोव्हेंबर ही तारीख सांगतात. तथापि तारखेबद्दल, आणि संग्रहालयातील कागद मूळचा की मागाहून लिहिलेली प्रत याबद्दल, जाणकारांत वाद आहे. आम्ही जन्मभर नकला केल्या असल्याने या वादाचे आम्हांस विशेष वाटत नाही. खरे दस्त म्हणजे त्या वर्षीची सुगी. १९७९ साली श्याओगांगला सुमारे ६६,००० किलो धान्य झाले. १९६६ ते १९७० या पाच वर्षांचे मिळून जेवढे झाले होते तेवढे हे एका वर्षाचे. एकरी पावणेआठ क्विंटल पडते; आमच्या बागायतदार वाचकांस हे मोठे वाटणार नाही. परंतु त्या वाडीने तेवीस वर्षांत प्रथमच सरकारास धान्य घातले.

बाहेर बातमी फुटल्यावर कम्यूनने बी व खत बंद करण्याचा धाक घातला. तालुक्याचे पक्षसचिव छन तिंगयुआन यांनी मात्र डोळेझाक केली, आणि प्रांताचे प्रमुख वान ली जानेवारी १९८० मध्ये स्वतः वाडीत येऊन गेले. त्याच साली मे महिन्यात डेंग श्याओपिंग यांनी फंगयांगचा नावाने उल्लेख करून या पद्धतीचे समर्थन केले. १९८२ च्या आरंभीच्या सरकारी ठरावाने तिला मान्यता मिळाली आणि दोन-तीन वर्षांत कम्यून देशभर मोडले. न्यायासाठी हेही सांगतो की आन्हुईतच फैशी तालुक्यात काही गावांनी याच्या थोडे आधी अशीच वाटणी केली होती. पण कीर्ती श्याओगांगला मिळाली.

तेथील जमीन आजही शेतकऱ्याच्या मालकीची नाही, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. मालकी गावसमूहाची, शेतकऱ्याकडे मुदतीचा कसण्याचा हक्क. १९८४ साली ती मुदत पंधरा वर्षे ठरली, १९९३ साली पुढील तीस वर्षे वाढविली. १ जानेवारी २००६ पासून चीनमध्ये शेतीवरील करच रद्द झाला. म्हणजे मत्स्यशल्क वह्या ज्यासाठी निघाल्या ते कारणच संपले. श्याओगांगमध्ये पोटाचा प्रश्न एका सुगीत सुटला, पण लहान तुकड्यांवर घर श्रीमंत होईना. तरुण शहरांत कामाला गेले, आणि पुष्कळांनी आपल्या वाट्याची जमीन मोठ्या कसणाऱ्यांस खंडाने दिली. खंडाने द्यावयाची तर हद्द पक्की पाहिजे. १९७८ च्या रात्रीची वाटणी तोंडी व पावलांनी झाली होती. म्हणून पुन्हा मोजणी झाली, आणि २०१५ साली वाडीच्या कुटुंबांस कसण्याच्या हक्काचे छापील दाखले मिळाले. त्यांत कुटुंबप्रमुखाचे नाव, तुकड्याचा क्रमांक, क्षेत्र, नकाशा आणि पूर्व, पश्चिम, दक्षिण, उत्तर या चारी बाजूंचे लगतदार लिहिलेले आहेत.